रायफल माझ्या नावावर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लायसन आलं. माझ्या नावावर. फोटोत मी चोरासारखी दिसतेय.

दिवाळीच्या भाजणीची गर्दी, गिरणीत उभं राहायला जागा नाही, आणि त्यातच द. ते पाकीट नाचवत आत शिरला. (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायचा कंटाळा म्हणून द. बाकी काही नाही.) बायका फिदीफिदी हसल्या. "आता दळण जाड आलं तरी कोण बोलंल गं शालनला!"

सासऱ्यांची एकनळी बंदूक होती, पीक राखायला. मागल्या वर्षी ते गेले, लायसन वारसाकडं. द.वर बांधावरच्या मारामारीची केस चालू, त्याला मिळत नाही. दीर मुंबईला, त्यांनी हात वर केले. उरले मी. घरातल्यांनी सह्या केल्या आणि मला बंदूकवाली करून टाकलं. मला विचारलं कुणी? मी फक्त सांगितलं तिथं उभी राहिले.

एकनळीचा घोडा कधीचाच अडकलाय. नवीन घ्यायची. कुठली, ते म्हणे "आमी बगतो".

१६ ऑक्टो.

रानडुकरं टेपाच्या, म्हणजे टेकाडावरच्या आमच्या वावरात. इंद्रायणी लोळवून टाकलीय, लोंब्या चिखलात. पायाखाली दाणे चुरचुरत होते.

लग्न होऊन या गावात, माल्यात, आले त्या सालापासून टेपावर मी राबतेय. द. पावसाळ्यात एकदा चक्कर मारतो, तेही पांढरी चप्पल घालून. आज बांधावर उभा राहून म्हणाला, "औंदा राखलं तर राखलं. न्हाईतर टेप विक्रांतला देतो, तंबू लावंल. शनिवार-रविवारची लोकं येत्यात."

म्हणजे हे आधीच ठरलंय.

१९ ऑक्टो., रविवार

विक्रांत आला. मारुंजीचा, द.चा शाळेपासूनचा मित्र. खोल्या भाड्यानं दिल्यात, त्यामुळं दिवसभर जीप फिरवायला मोकळा. पुढ्यात फराळाचं ताट, हातात मोबाईल. लांब नळी, वर दुर्बीण. बोल्ट ॲक्शन म्हणे.

"वहिनी, ही बघा. बोल्ट मागं, पुढं, गोळी तयार. सांबर जागेवर बसतंय."

मी म्हटलं, "सांबराचं काय काढलंत? मला भात न् वाल राखायचाय."

"अहो, म्हणायचं डुक्कर. गोळीला काय कळतंय, पुढं कोण हाय ते?"

द. खो खो हसला. डुकरालासुद्धा वनखात्याची परवानगी लागते, हे मी सांगत होते, पण कोण ऐकतंय. ताट उचलून आत नेलं. अर्धी चकली वि.च्या हातातच राहिली.

२९ ऑक्टो., बुधवार

पुणं. बंदुकीचं दुकान. दुकानदार म्हातारा, चष्मा दोरीला. आधी या दोघांशीच बोलत होता. मी लायसन काढून काचेवर ठेवलं तेव्हा माझ्याकडं पाहिलं.

"कशासाठी हवीय, मॅडम?"

"वालासाठी."

हसला नाही. तेवढ्यानंच बरा वाटला.

आधी दुनळी हातात दिली. मग तीनशेपंधरा बोअरची बोल्ट रायफल. रायफल खांद्याला लावली तर मागचा लाकडी दस्ता लांब, हात ताणावा लागतो. तो म्हणाला, दस्ता कापून तुमच्या मापाचा करता येतो. द. लगेच, "कापायचा न्हाई." रायफल खरी वापरणार कोण, ते आम्हा तिघांनाही कळलं.

मी विचारलं, गोळी जाते कुठवर?

"मैलाच्याही पुढं. दुनळीचा छर्रा जवळच पडतो. मागं वस्ती असेल तर रायफलचा दहादा विचार करा."

टेपाच्या मागं धनगरवाडा आहे. म्हटलं, दुनळी द्या. तर वि. मधेच तोंड घालून, "काका, पण हरणासाठी बेस्ट कुठली?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हत्यारं उचलून मागच्या कपाटात ठेवली. "हरणाला बंदी आहे. चहा घेणार?"

चहा आला नाही.

येताना चांदणी चौक ओलांडला. मग द. सुरू झाला. चारचौघांत नाक कापलंस, अक्कल पाजळायला नेलं होतं का तुला, वगैरे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पिरंगुटला भेळ घेतली दोघांनी. मला विचारलं नाही.

१ नोव्हें.

अबोला. मला काही फरक पडत नाही. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, पडतो.

चुलीपुढं बसून म्हणाल्या, "तुझ्या नावावर केली म्हंजी तुझी झाली व्हय? माझ्या मालकाची हाय ती. माझा ल्योक म्हनंल ती आनायची."

"मग लेकाच्या नावावर करा."

फुंकणी आपटली. सासूबाई म्हातारी, पण हात अजून जड आहे.

४ नोव्हें., मंगळवार

भात कापून झालं. गवताच्या पेंढ्या बांधून टेपावरून खाली येतेय, तर द. आणि वि. वावरात मोजपट्टी धरून. पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. हितं तंबू, हितं शेकोटी, हितं संडास. संडास बरोबर तिथं, जिथं मी दरवर्षी वालाची पहिली ओळ टाकते.

पायानं रेघ पुसली. द. म्हणाला, "रायफल घे, रेघा मीच पुसतो."

उभ्या उभ्या विचार केला. मग म्हटलं, घेते. किल्ली माझ्याकडं, काडतुसं माझ्याकडं, मी असल्याशिवाय हात लावायचा नाही.

"व्हय व्हय."

इतक्या लवकर म्हणाला की तिथंच ओळखायला हवं होतं.

८ नोव्हें., शनिवार

घेतली. बोल्ट रायफल, वर दुर्बीण. सही माझी, अंगठा माझा.

आणि दस्ता कापायला दिला. द. बाहेर मोबाईलवर होता, तेवढ्यात म्हाताऱ्याला म्हटलं, माझ्या मापाचा करा. आठवड्यानं न्यायला गेलं की कळेल त्याला. आज रात्री जेवण चांगलं गेलं.

१६ नोव्हें.

कळलं. खांद्याला लावली, तर हा ताडमाड माणूस आणि दस्ता आखूड, दुर्बीण थेट नाकाशी आली. "पोराचं खेळणं करून ठिवलंस!" पिशवी अंगावर फेकली.

मी रायफल लावून दाखवली. बरोबर बसते. माझीच आहे म्हटल्यावर बसणारच.

वाल पेरला, टेपावर, सगळ्या ओळी.

२२ नोव्हें., शनिवार

म्हातारा म्हणाला होता, आधी रेंजवर शिका मगच वापरा. एकटी गेले. शिकवणारे निवृत्त फौजी. कोपर कुठं, श्वास कधी सोडायचा, बोल्ट कसा उघडायचा, पुसायला तो आख्खा बाहेर कसा काढायचा. एक गोष्ट चारदा सांगितली: डोळा दुर्बिणीला चिकटवू नका. धक्क्यानं ती मागं येते, भुवई फोडते. ज्याला दस्ता आखूड, त्याची तर हमखास.

पहिला बार. कानात मुंग्या. कागदावर काहीच नाही. दुसरा कडेला. पुढचे आत. शेवटी फौजी म्हणाले, "ताई, पुढल्या वेळी कागद लांब लावू."

आवडलं. लिहायला लाज वाटतेय पण आवडलं. बार सुटायच्या आधी जे एक क्षणभर सगळं थांबतं, घर, गिरणी, त्याचा आवाज... येताना बसमध्ये हात नाकाशी नेऊन वास घेत होते.

११ डिसें.

संध्याकाळी डुकरांचा कळप टेपाखाली. रायफल काढली, परत ठेवली. मारायची परवानगी नाही, आणि घाबरवायला हवेत मारावी तर गोळी धनगरवाड्यात कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब लावले. पळाली.

द. ओट्यावरून, "एवढी दांडगी रायफल, न् बायको फटाके वाजवतीया!"

या एका गोष्टीत त्याचं बरोबर आहे. ही रायफल पीक राखायच्या कामाची नाही. मला ते दुकानातच माहीत होतं.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी द. उशिरापर्यंत झोपलेला. उठला तर डाव्या हाताचा पंजा कपाळाला लावून. पंजा काढला तेव्हा दिसलं. उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम, ताजी, कडा काळ्यानिळ्या.

"काय झालं?"

"चौकट लागली."

चौकट सरळ असते.

गिरणीच्या खोलीत गेले. किल्ली खिळ्यावर जागच्या जागी. कपाट बंद. रायफल आत, दस्त्याला लाल माती. नळीला वास. काडतुसं मोजली, कमी.

दार लोटून उभी राहिले तिथंच. बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, "शालन, बाजरी टाक गं."

टाकली.

६ जाने.

दुपारी वि.ची जीप. खाली उतरलाच नाही, खिडकीतून स्टीलचा डबा द.कडं दिला. द.नं तो आत्याबाईंकडं दिला, मला ओलांडून.

"बोकडाचं हाय."

झाकण उघडून बघितलं. भेकराचं. मी ताम्हिणीकडच्या वाडीतली. लहानपणी भेकराच्या भुंकण्यानं झोपेतून उठायचे. केस चिकटले होते एका तुकड्याला, तांबूस, आखूड. बोकड म्हणे.

म्हटलं, हे माझ्या चुलीवर शिजणार नाही.

आत्याबाई: "चूल तुझी कवा झाली?"

द.: "तुझ्या रायफलीनं मारलंय. मान तुझा पयला." आणि हसला. भुवईची जखम ताणली तेव्हा हसणं थांबलं.

आत्याबाईंनी शिजवलं. वास घरभर. मी गिरणीत भाकरी-चटणी खाल्ली. पट्टा चालू ठेवला, दळण नव्हतं तरी, म्हणजे आतलं बोलणं ऐकू येऊ नये.

८ जाने., गुरुवार

कुलूप बदलून काय होणार, कपाट पत्र्याचं. पहारीनं उघडेल.

फौजींनी शिकवलं तसं केलं. बोल्ट बाहेर काढला. हातात मावतो, जड आहे, तेलकट. त्याच्याशिवाय रायफल म्हणजे मुसळ. काडतुसं पण काढली. कुठं ठेवलं ते इथंही लिहीत नाही. या वहीला मी कुलूप लावत नाही.

११ जाने., रविवार

त्यांचा आज बेत होता वाटतं. मी दुसऱ्या गिऱ्हाईकाचा गहू ओतत होते आणि द. रायफल घेऊन गिरणीत. बोल्टच्या जागी भोक. बायकांसमोर.

"कुटं हाय?"

"काय?"

"सांग, न्हाईतर..."

वाक्य पुरं केलं नाही. रायफल उलटी धरली होती, दस्ता वर. मी धान्य ओतायच्या चाडीवर हात ठेवून उभी. पीठ पडतंय. शेवंताकाकूंनी आपला डबा उचलून आमच्या मधे ठेवला आणि म्हणाल्या, "दत्ता, माझं दळण हुं दे. मग काय ते भांडा."

द. वळला. जाताना दळणाची टोपली लाथाडली. संध्याकाळपर्यंत मी नि काकू तांदूळ वेचत होतो. मधेच म्हणाल्या, "आईकडं जाऊन येतीस का चार दिस?"

नाही जाणार. गेले की टेपावर फक्की पडली.

वि. फोनवर म्हणतोय, बोल्ट बाहेरून मागवतो. मागवू दे.

१४ जाने., संक्रांत

डुकरांनी टेपाचा वरचा कोपरा उकरला. वाल फुलावर होता. तिळगूळ द.च्या पुढ्यात ठेवला, त्यानं घेतला नाही. मी पण "गोड बोला" म्हटलं नव्हतं.

१७ जाने., शनिवार

मुलाणीबाई आल्या, फॉरेस्ट गार्ड. साडीत. डब्यात ज्वारी. दर महिन्याला येतात, त्यात नवीन काही नाही. दळण होईपर्यंत स्टुलावर बसल्या.

"ओढ्यात पोतं सापडलं, शालनताई. आत मुंडकं, चार पाय, कातडं. भेकराची मादी."

मी पीठ सारखं करत राहिले.

"वर टेपाडावर रिकामं काडतूस. बंदुकीचं नाही. रायफलचं. तुमच्याशिवाय इकडं अशी रायफल कुणाकडं आहे, मला माहीत नाही."

तेवढ्यात द. दारात. मुलाणीबाईंनी त्याच्या भुवईकडं पाहिलं. खपली धरलीय, पण कोर दिसते. त्यानं हात वर नेला, मग डोकं खाजवल्यासारखं केलं नि निघून गेला.

डबा भरून दिला. उठताना म्हणाल्या, "आज मी दळायला आले होते. सोमवारी कामावर येईन. तोवर विचार करा. लायसन तुमच्या नावावर आहे. जामीन सुद्धा अवघड असतो यात."

गेल्यावर गिरणी बंद केली. दुपारीच.

१८ जाने., रविवार

सकाळी चहा आयता. द.नं केलेला. साखर जास्त. लग्नानंतर पहिल्यांदा असेल. समोर बसला.

"हे बग. सांगायचं, डुकरावर मारली. वाल खात हुतं, अंधारात दिसलं न्हाई, भेकर निघालं. चूक झाली म्हनायचं. बाईमानूस म्हटल्यावर सायेब लोक बी जरा..."

"मी मारली म्हणू?"

"रायफल तुझीच हाय की."

आत्याबाई मागं उभ्या. या वेळी आवाज चढलेला नव्हता. "माझ्या पोरावर आदीच केस हाय. ह्यात गावला तर कायमचा आत. तुला सोडतील बाय. तुझा नेम चांगला हाय, समद्या गावाला ठावं हाय. कुनी बी मानंल."

हे खरं आहे. कुणीही मानेल. रेंजवरून आल्यावर फुशारकीनं मीच सांगितलं होतं गिरणीत.

म्हटलं, विक्रांत कुठाय? तो काय म्हणतो?

द. कप फिरवत, "फोन उचलत न्हाई."

चहा मोरीत ओतला. द. लगेच, टेपाचा कागद करून देतो तुझ्या नावावर, म्हणाला. आत्ता. आजपर्यंत कधी सुचलं नव्हतं. त्यानं मागं वळून आत्याबाईंकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली, हो म्हणून. दोघांनी रात्रीच ठरवलेलं असणार.

मला टेप हवाय. खोटं कशाला लिहू. त्या क्षणी हवाच होता. दिवसभर तेच डोक्यात. वालाच्या ओळी, त्यांच्यामधून चालणारी मी, कुणी मधे फक्की मारणार नाही... आणि मग वही-पेन घेऊन समोर साहेब, "नेम कसा धरला, बाई?" आणि मी सांगतेय, कोपर कुठं, श्वास कधी सोडला.

सांगता येईल मला. सगळं बरोबर सांगता येईल. त्याचीच भीती वाटतेय.

१९ जाने., सोमवार

मुलाणीबाई वर्दीत, बरोबर त्यांचे साहेब. गिरणीतच बसले. द. उंबऱ्यात, आत नाही, बाहेर नाही.

रायफल दाखवली. बोल्ट वेगळा आणून दिला, काडतुसं दिली. साहेबांनी विचारलं, वेगळा का? म्हटलं, घरात माझं ऐकत नाहीत म्हणून. लिहून घेतलं.

"शिकार कुणी केली?"

"मी नाही."

"मग कुणी?"

साहेबांची पाठ द.कडं होती. मुलाणीबाईंची नव्हती. द. माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. इतक्या वर्षांत असं बघितलेलं आठवत नाही, आणि त्यामुळंच मला जास्त राग आला. यानं असं बघावं म्हणून भेकर मरावं लागलं.

म्हटलं, "रायफल माझी. किल्ली खिळ्याला होती, ती चूक माझी. मारली मी नाही. एवढंच लिहा."

"एवढ्यावर भागत नाही, बाई."

"आज एवढंच."

रायफल घेऊन गेले. पावती दिली. खोटा पुरावा आणि लपवणं, दोन्हीला काय काय होतं ते साहेबांनी जाताना नीट समजावून सांगितलं. मुलाणीबाई दारातून जाताना द.ला म्हणाल्या, "जखम डॉक्टरला दाखवली का?"

आत्याबाई संध्याकाळपासून देवापुढं. माझ्याशी बोलत नाहीत, देवाशी माझ्याबद्दल बोलतायत. मोठ्यानं.

द. आत्ताच येऊन गेला. "नाव घेतलं न्हाईस."

"अजून नाही."

"उद्या?"

उत्तर दिलं नाही. मला ठाऊक असतं तरी दिलं नसतं.

उद्या सकाळी दोघांनाही पौडला बोलावलंय, जबाबाला. वेगवेगळं बसवून विचारणार म्हणे. गाडी एकच आहे. मागं बसायचं तर त्याच्या खांद्याला धरावं लागतं, रस्त्यावर खड्डे आहेत. पहिली एसटी किती वाजता आहे ते शेवंताकाकूंना विचारून ठेवलंय. तो अंगणात गाडी पुसतोय, कधीचा. माझं मागचं सीट पण पुसलं.